'हात लावू नये' नावाचा कप्पा

आमेली दोन वर्षांची होती आणि तिची एकच अट होती: पडद्यावर पाणघोडा दिसल्याशिवाय ती तोंड उघडणार नाही.

हा पाणघोडा निळा होता. तो गावोगाव हिंडायचा आणि प्रत्येक भागात कुणाची ना कुणाची मोडकी छत्री दुरुस्त करून द्यायचा. यात एवढं टक लावून पाहण्यासारखं काय आहे, हे दायामीला कधीच कळलं नाही. पण पाणघोड्याने छत्री उघडली की आमेलीचं तोंड उघडायचं, आणि तेवढ्यात चमचा आत सारायचा, हे तंत्र तिला साधलं होतं. अडचण एवढीच की एकदा पाहिलेला भाग पोरगी ओळखायची. जुना भाग लागला की पाणघोड्याने पहिला शब्द उच्चारायच्या आत हिचे ओठ घट्ट. मग मलांग्याच्या कंदाचं गरगट असो, काळ्या घेवड्याची आमटी असो, नाहीतर दुधातला रवा असो; सगळं गालावर, केसांत आणि आईच्या बाहीवर.

मुलाबाळांची काळजी कुठल्याही आईला असतेच. पण दायामीने ग्रंथपालनाची पदवी घेतली होती, त्यामुळे तिच्या काळजीला अनुक्रमणिका होती. तिने एक वही ठेवली होती. तारीख, वेळ, पदार्थ, चमचे, शेरा. 'सकाळी सात चाळीस. रवा. नऊ चमचे. सातवा परत आला.' मागच्या पानांवर वजनाचा आलेख होता. तो सुरुवातीला छान चढत गेला होता आणि गेले दोन महिने नऊ किलो आठशेवर आडवा पडला होता, उठायचं नावच घेत नव्हता.

सोमवारी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सिओमारा नर्सने आमेलीला काट्यावर बसवलं, काट्याकडे पाहिलं, मग दायामीकडे पाहिलं.

"जिवा, मी तुला घाबरवत नाहीये हं," ती म्हणाली.

दायामी लगेच घाबरली.

"पण हा तिसरा महिना लागला. पुढच्या गुरुवारी परत आण. दहा दिवस आहेत. निदान दोनशे ग्रॅम वाढायला हवी. नाही वाढली, तर मला प्रांताच्या इस्पितळाचा कागद करावा लागेल. मग दाखल करून घेतात, चार दिवस ठेवतात, रक्त काढतात..."

'रक्त काढतात'च्या पुढचं दायामीला ऐकू आलं नाही. ती पोरीला कडेवर घेऊन घरी निघाली. दवाखाना ते घर हे अंतर चालत सात मिनिटांचं, पण बायामोसारख्या गावात बातमी चालत जात नाही. ती फाटकाशी पोहोचली तेव्हा समोरच्या घरातल्या नेरेइदाबाई झुलत्या खुर्चीतून म्हणाल्या, "दोनशे ग्रॅम म्हणजे काही विशेष नाही. माझा थोरला एका कणसाने तेवढा वाढायचा."

नेरेइदाबाई छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. अख्खी गल्ली त्यांची विद्यार्थी. त्यामुळे गल्लीत कुणाचीही कसलीही अडचण निघाली की ती सोडवून दाखवायचा हक्क त्यांचा, आणि उत्तर चुकलं तर समोरच्याने प्रश्न नीट मांडला नव्हता.

तर आता पाणघोड्याचे नवे भाग हवेत, हे उघड होतं. दायामीचा फोन आमेलीने मागच्याच आठवड्यात धुण्याच्या बादलीत बुडवला होता. इंटरनेट गल्लीच्या टोकाला मिळायचं, पण त्यावर एक भाग उतरेपर्यंत गरगटावर साय धरायची. म्हणून बाकी सगळे जे करायचे तेच तिने केलं. ती आठवड्याच्या पाकिटवाल्याकडे गेली. आपली डिस्क न्यायची, त्याच्याकडे त्या आठवड्याच्या मालिका, सिनेमे, कार्टून असं सगळं भरलेलं असतं, हवं ते उतरवून घ्यायचं.

"पाणघोडा?" पाकिटवाला म्हणाला. "माझे आई, तुझं नशीब. या शनिवारी अख्खा येतोय. दोनशे सोळा भाग. पण रविवारी संध्याकाळी मी पुसणार, मला नवीन माल भरायचा असतो. साठ जीबी मोकळी जागा घेऊन ये. जागा नाही म्हणून इथे उभी राहून रडायचं नाही."

दोनशे सोळा! दिवसाला तीन धरले तरी बहात्तर दिवस. दायामीने रस्त्यातच भागाकार केला. तिने घरी येऊन संगणक सुरू केला.

संगणक म्हाताराच होता. त्यातली डिस्क एकशे साठ जीबीची. पण त्यातली चाळीस तेवढी यांच्या वापरात, आणि ती गळ्यापर्यंत भरलेली. उरलेल्या एकशे वीस जीबींचा एक वेगळा कप्पा होता. पार्टिशन. त्याला कुणीतरी नाव दिलं होतं: 'हात लावू नये'.

इतकी वर्षं तिने हात लावलाही नव्हता. ती सूचना पाळणाऱ्यांतली होती. आज तिने लावला. कप्पा उघडेना. पासवर्ड मागायला लागला. बरं, उघडू नकोस, निदान जा तरी. पण कप्पा काढून टाकायची ओळ करड्या रंगात, वामकुक्षी घेत असल्यासारखी पडून होती. तिच्यावर कितीही टिचक्या मारल्या तरी ती डोळे उघडेना.

नवरा ओस्निएल साखरेचा ट्रक घेऊन पंधरा दिवसांसाठी पश्चिमेला गेला होता. गल्लीतला भरवशाचा फोन नेरेइदाबाईंच्या ओसरीवर, त्यामुळे नवरा-बायकोचं बोलणं तिघांत व्हायचं.

"ती डिस्क होय?" ओस्निएल म्हणाला. "ती गादी महामंडळाच्या भंगारातून आणलेली. जुन्या गाद्या दुरुस्त करतात ना, त्यांची. पण त्यावर लिहिलंय ना हात लावू नये म्हणून? मग तू कशाला लावतेस?"

"तुझ्या मुलीच्या वजनासाठी."

"गादीवाल्यांच्या कप्प्याचा आणि वजनाचा काय संबंध?"

संबंध चार टप्प्यांत समजावून सांगावा लागणार होता आणि ओस्निएलच्या मागे भोंगा वाजत होता. तिने फोन ठेवला.

"मला कळला संबंध," नेरेइदाबाई शांतपणे म्हणाल्या. "एखादी वस्तू सुटत नसेल तर तिला आधी गार करायचं. गारठ्याने आकसते. आकसली की सैल होते. पिशवीत गुंडाळ आणि दोन तास बर्फाच्या कप्प्यात ठेव."

आता दायामी शिकलेली होती. कप्पा म्हणजे काही गंजलेला स्क्रू नाही, हे तिला ठाऊक होतं. पण सहावीपासून बारावीपर्यंत तिने या बाईंना कधी 'नाही' म्हटलेलं नव्हतं, आणि ही सवय पदवीने जात नाही. मंगळवारी दुपारी डिस्क गोठलेल्या कोंबडीशेजारी जाऊन बसली.

दोन तासांनी काढली तेव्हा तिच्यावर दव. वाळवायला पंखा लावला, आणि पंख्याने पहिला फेरा घ्यायच्या आत वीज गेली. मग ओसरीवर डिस्क मांडून दोघीजणी पुठ्ठ्याने वारा घालू लागल्या. कुणीतरी आजारी असल्यासारखं दृश्य. साहजिकच गल्ली जमली.

"आत आहे तरी काय?"

"गादी महामंडळाचं काय असणार? स्प्रिंगा."

"स्प्रिंगांना पासवर्ड लागतो होय? साहेबाचे फोटो असणार."

"साहेबाचे एकशे वीस जीबी फोटो? एवढा देखणा साहेब मी बायामोत पाहिला नाही!"

"तुम्ही पाहिला नाही म्हणजे नाही, असं नसतं हो आजी!"

बघता बघता दोन तट पडले. आवाज चढले. आमेली या मांडीवरून त्या मांडीवर गेली. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे मान वळवायची, मग दुसऱ्याच्या. तिच्या मुठीत तळलेल्या कच्च्या केळ्याची चकती होती, ती कुणी दिली ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. दायामी डिस्कच्या कडेला उरलेला एक थेंब कापसाने टिपत होती. रात्री तिने वहीत लिहिलं: 'संध्याकाळ. गरगट. शून्य चमचे. डिस्क ओली.'

गारठ्याने कप्पा सैल झाला नव्हता. नेरेइदाबाईंच्या मते कोंबडी मध्ये आली.

बुधवारी दायामी पोरीला आणि डिस्कला घेऊन मोहल्ल्यातल्या संगणक क्लबात गेली. तिथल्या बाईंनी डिस्क हातात घेतली, उलटी केली आणि टेबलावर अलगद परत ठेवली.

"कॉम्रेडबाई, याला नंबर आहे."

खरोखरच होता. पाठीवर पत्र्याची चिमुकली पट्टी, तिच्यावर सात आकडे.

"नंबर असलेली वस्तू म्हणजे सरकारी वस्तू. मी यातला कप्पा काढला, तर मी सरकारचा कप्पा काढला. उद्या तपासणी आली तर मी काय सांगू? पाणघोडा?"

"मग काय करू?"

"निर्लेखनाचा दाखला आणा. वस्तू वहीतून उतरली असं लिहिलेला. मग कप्पा काय, म्हणाल ते काढते." एवढं बोलून बाईंनी आमेलीपुढे आपल्या बशीतलं बिस्किट सरकवलं, कारण दायामी दाखला, अर्ज, शिक्का असे शब्द वहीत उतरवून घेण्यात गुंतली होती आणि पोर टेबलाची कड चाटत होती.

गुरुवारी सकाळी आठला ती गादी महामंडळाच्या दारात पोहोचली. इमारतीला वळसा घालून रांग होती. दायामीने जन्मापासून जे केलं तेच केलं. लांबूनच ओरडली, "शेवटचं कोण?"

गवती टोपी घातलेल्या एका माणसाने बोट वर केलं.

झालं. तिने टोपी लक्षात ठेवली, थोड्या वेळाने मागून आलेल्या दोघांना आपलं बोट वर करून दाखवलं, आणि तिचा रांगेत रीतसर प्रवेश झाला. रांग कशाची हे तिने विचारलं नाही. रांग आहे म्हणजे आधी उभं राहायचं, विचारायचं मागाहून. आणि पुढे टोपीवाल्याशी कप्प्यावरून अशी काही चर्चा रंगली की मागाहून विचारायचं राहूनच गेलं. टोपीवाल्याचा भाऊ हवाना शहरात संगणकाचं काही करत होता. काय, ते टोपीवाल्याला माहीत नव्हतं, पण मत मात्र पक्कं होतं. त्याच्या हातातल्या पेरूची वडी घातलेल्या पावाकडे आमेली टक लावून बघत होती. बोलता बोलता त्याने तो तिच्यापुढे धरला आणि बोलता बोलताच विसरला.

एक तास चाळीस मिनिटांनी खिडकी आली.

"किती?"

"एकच," दायामी म्हणाली. "निर्लेखनाचा दाखला."

"अंडी किती, बाई?"

अंड्यांची गाडी उभी करायला सावली हवी म्हणून ती महामंडळाच्या भिंतीशी लागली होती. मागे दीडशे माणसं. आता एवढं उभं राहून रिकाम्या हाताने बाजूला होणं बायामोत आजवर कुणाला जमलेलं नाही. दायामीलाही जमलं नाही. अंड्यांचा एक अख्खा ट्रे, पोरगी, डिस्क, लंगोटांची पिशवी आणि वही असं सगळं घेऊन ती महामंडळाचा जिना चढली.

वर मिग्दालिया नावाची कारकून होती. तिने एक जाडजूड वही काढली, सात आकडे बोटाने शोधले, आणि मान हलवली.

"निर्लेखन होणार नाही. ही डिस्क ज्या संगणकात आहे तो चालू आहे."

"कुठे?"

"इथे." तिने कोपऱ्यातल्या टेबलाकडे हात केला. टेबलावर जास्वंदीची कुंडी होती.

"तिथे कुंडी आहे," दायामी म्हणाली.

"कॉम्रेडबाई, तुम्ही टेबलाकडे बघताय. मी वहीकडे बघतेय. मार्चमध्ये या संगणकाने योजनेच्या एकशे दोन टक्के काम केलं. असा संगणक मी कुठल्या तोंडाने मोडीत काढू?"

"पण डिस्क माझ्या हातात आहे ना! भंगारात टाकली होती, माझ्या नवऱ्याने तिथून..."

"कुणी?"

"कुणी नाही."

"मग ठीक," मिग्दालिया म्हणाली आणि हळूच हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कशाला हवाय गं कप्पा?"

दायामीने सांगितलं. पाणघोडा, दोनशे ग्रॅम, इस्पितळ, सुई. सांगता सांगता तिने अंड्यांचा ट्रे उगाच सरळ केला. मिग्दालियाने डबा उघडला. दुपारसाठी आणलेलं कॅरामेलचं कस्टर्ड होतं.

"माझा धाकटा असाच. टेबल चावायचा, भात नाही." ती एकेक चमचा आमेलीच्या तोंडात घालत नियम वाचू लागली. "हे बघ. कलम चार: चालू वस्तूचं निर्लेखन नाही. आ कर, राणी. कलम पाच: चालू वस्तू दुरुस्तीला बाहेर देता येते. तसं पत्र मी करते, सही साहेबांची. साहेब मंगळवारपर्यंत बैठकीत."

"मंगळवारी पाणघोडा पुसलेला असेल हो! आणि तो पासवर्ड? तो तरी कुणाला माहीत असेल ना?"

"कप्पा केला आमच्या संगणकवाल्याने. तो तीन वर्षांपूर्वी उरुग्वेला गेला. निरोप समारंभ केला, केक कापला. सगळे रडले. पासवर्ड विचारायचं कुणाला सुचलं नाही."

दायामी जिना उतरली ती काही न मिळता उतरली. अंडी तेवढी मिळाली होती. खाली आल्यावर तिने डबा काढून गरगटाचा चमचा आमेलीपुढे धरला. आमेलीने तोंड फिरवलं. 'शून्य', असं वहीत लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

आता राहिला कप्तान.

कप्तान म्हणजे रादामेस. तो कधीच कप्तान नव्हता, मालवाहू बोटीवर बिनतारी संदेश पाठवायचा. पण समुद्रावरून परत आलेल्याला बायामोत, जिथे समुद्रच नाही, याहून कमी हुद्दा देणं बरं दिसत नाही. आता तो पंखे, रेडिओ, प्रेशर कुकर आणि संगणक यांतला फरक न मानता सगळं दुरुस्त करायचा. त्याचं घर इस्पितळाच्या तारेवर होतं, म्हणून तिथली वीज जात नसे. नेरेइदाबाई शुक्रवारी दायामीला स्वतः घेऊन गेल्या. सोबत गल्लीतली आणखी दोन-तीन माणसं निघाली. एवढं झाल्यावर शेवट चुकवायचा म्हणजे काय!

कप्तानने पट्टी पाहिली आणि तिच्यावर चिकटपट्टी लावली. "आता मला नंबर दिसत नाही," तो म्हणाला. त्याने डिस्क आपल्या संगणकाला जोडली, खजिन्यातून सीडीची एक जुनी चकती काढून आत घातली, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

"हे बघ पोरी. हा पहिला कप्पा, हा दुसरा. बंदरात दोन बोटी उभ्या आहेत असं समज. एक आपली, एक गादीवाल्यांची. गादीवाल्यांची बुडवायची."

"बुडेल ना?"

"माझ्या हातून आजवर एकही सुटली नाही."

"कप्तान, तू बोटीवर टपाल पाठवायचास," नेरेइदाबाई म्हणाल्या. "बुडवायचास कधी?"

"बाई, तुम्ही मला सहावीत दोनदा बसवलंत, ते मी विसरलेलो नाही."

"तिसऱ्यांदा बसवायला हवं होतं. पहिला कुठला आणि दुसरा कुठला, ते नीट बघ!"

कप्तानने आकडा दाबायला बोट उचललं, आणि त्याच क्षणी रस्त्यावरून आरोळी आली: "पाव आला!"

दोन दिवस पाव आला नव्हता. रेशनचा पाव एकदा संपला की संपला. त्याला मागणं, विनवणं, ओळख काही लागू पडत नाही. कप्तानने एका हाताने खिळ्यावरचं कार्ड ओढलं, दुसऱ्या हाताने आकडा दाबला, 'हो' म्हणून बटण ठोकलं आणि तो दाराबाहेर होता. नेरेइदाबाई त्याच्या पुढे होत्या. दायामीसुद्धा धावली, खोटं कशाला बोला. जाताना तिने वळून पाहिलं. पडद्यावर एक पांढरी पट्टी भराभर सरकत होती. चार दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सरकत होतं. तिला इतकं बरं वाटलं.

पाव घेऊन सगळे परतले. कप्तानने खुर्ची ओढली, चष्मा लावला, पडद्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

"काय झालं?" दायामी म्हणाली.

"एक बोट बुडाली," कप्तान म्हणाला.

"मग?"

"आपली."

'हात लावू नये' होता तिथे, होता तसा, एकशे वीस जीबी घेऊन बसला होता. यांचे चाळीस जीबी, त्यांतला पाणघोडा, त्याच्या छत्र्या, संगणक सुरू करणारी सगळी यंत्रणा, सगळं गेलं होतं. कप्तान पंखे-कुकरांच्या ढिगात असा काही बसला की त्याच्यावर रागावणं कुणालाच जमेना. त्याचे कान लाल झाले होते.

"मी पुन्हा सगळं बसवून देतो, पोरी. त्याची चकती ओल्गिन शहरात माझ्या पुतण्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात..."

"पुढच्या आठवड्यात गुरुवार आहे," दायामी म्हणाली. नेरेइदाबाईंनी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. आमेली जमिनीवर बसून गरम पावाचा गाभा उकरून उकरून खात होती. तिच्यासमोर कप्तानचं उघडं तोंड होतं, ते ती मोठ्या कौतुकाने निरखत होती.

शनिवारी पाकिटवाल्याकडे अख्खा पाणघोडा आला आणि रविवारी संध्याकाळी पुसला गेला.

दायामीने हात टेकले नाहीत. तिने स्वतःच पाणघोडा व्हायचं ठरवलं. ओस्निएलचा निळा सदरा घातला, सासूबाईंची छत्री घेतली आणि जेवणाच्या टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या. आमेलीने ते सगळं शांतपणे पाहिलं. मग ती अशा काही नजरेने आईकडे बघत राहिली, की दायामीने छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून थोडी रडली. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे ते समोरपर्यंत ऐकू गेलं.

रविवारपासूनचे चार दिवस संध्याकाळी गल्ली समाचाराला येत राहिली. कप्तान रोज यायचा, कारण त्याला राहवत नव्हतं. नेरेइदाबाई रोज यायच्या, कारण कप्तान येतो. डिस्क टेबलाच्या मध्यावर ठेवलेली असायची. मिग्दालियासुद्धा एकदा, कामावरून घरी जाता जाता, साहेबांची बैठक लांबल्याचं सांगायला आली आणि रात्रीचं जेवण व्हायच्या वेळेपर्यंत बसली. बोट कुणामुळे बुडाली यावर रोज नव्याने खटला चालायचा. दायामी सगळ्यांना कॉफी द्यायची आणि मध्येच आमेलीची कोपरं चाचपून बघायची, हाडं जास्त लागतात का ते. वहीत चारही दिवसांपुढे शून्य होतं.

गुरुवार उजाडला. दायामीने इस्पितळाची पिशवी भरूनच घेतली: दोन झबली, टॉवेल, चमचा, वही. दवाखान्याच्या दारात नेरेइदाबाई आणि कप्तान आधीच येऊन उभे होते, एकमेकांशी न बोलता.

सिओमाराने आमेलीला काट्यावर बसवलं. काट्याकडे पाहिलं. मग वाकून पाहिलं. मग आमेलीचे बूट काढले, लंगोट बदलला, फ्रॉकचा खिसा उलटा केला. खिशातून पावाचा कोरडा तुकडा निघाला. तो बाजूला ठेवून तिने पुन्हा वजन केलं.

"दहा किलो एकशे दहा," ती म्हणाली. "तीनशे दहा ग्रॅम. जिवा, काय खायला घातलंस?"

दायामीने वही उघडली. "काहीच नाही," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिला स्वतःचीच इतकी भीती वाटली की तिने वही सिओमारापुढे धरली. शून्य. शून्य. शून्य. डिस्क ओली. शून्य.

सिओमाराने पानं चाळली. "हवा खाऊन कुणी वाढत नाही. ही काहीतरी खात होती."

दारात खाकरल्याचा आवाज झाला.

"केळ्याची चकती," नेरेइदाबाई म्हणाल्या. "मंगळवारी. आणि बुधवारी दोन. फार नाही. मग रविवारपासून उकडलेलं अंडं, दायामीच्याच ट्रेमधलं, कुस्करून, लोण्यात. हा कप्तान अर्थ नसलेलं काहीतरी बोलायचा, ती त्याच्याकडे तोंड उघडून बघायची, मी घालायचे."

"आणि तुम्ही बोलायचात तेव्हा मी घालायचो," कप्तान म्हणाला. "भोपळ्याचं सूप. मला वाटलं, दायामीला सांगावं, पण तिने चमचे मोजायला घेतले असते, मग पोरीने तोंड मिटलं असतं."

मग हळूहळू सगळी यादी बाहेर आली. क्लबातलं बिस्किट, टोपीवाल्याचा पाव, मिग्दालियाचं कस्टर्ड. दायामीच्या डोळ्यांदेखत. ती बघत होती ना! सगळा वेळ बघत होती. डिस्ककडे, पट्टीकडे, खिडकीकडे, वहीकडे. दहा दिवस अख्ख्या बायामोने तिच्या पोरीला जेवू घातलं होतं आणि एक चमचासुद्धा तिच्या हातचा नव्हता. तिला आनंद झाला आणि फार अपमानही वाटला. दोन्ही एकदम आल्यामुळे तिला बसावं लागलं.

सिओमाराने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "ऐक. ती खात होती तेव्हा समोर काय चालू असायचं?"

दायामीने आठवून पाहिलं. "भांडण," ती म्हणाली.

सिओमाराने आमेलीच्या कार्डावर वजन लिहिलं. औषधाच्या रकान्यात तिने थोडा विचार केला, आणि तो रिकामाच सोडला. "जे चाललंय ते चालू ठेव," ती म्हणाली.

तेव्हापासून संध्याकाळी सहाला दायामीच्या टेबलावर डिस्क ठेवली जाते. नेरेइदाबाई उजवीकडे, कप्तान डावीकडे, बाकी गल्ली जमेल तशी. ओस्निएल ट्रक घेऊन परत आला तेव्हा पहिल्या दिवशी दारातच थबकला. दुसऱ्या दिवशी त्याने गादीवाल्यांची बाजू घेतली. चमचा आता दायामीच्या हातात असतो. वही कपाटात आहे, म्हणजे ती असते कपाटात. रविवारी ती एकदा काढते, आलेखात एक टिंब घालते, आणि परत ठेवते.

मागच्या आठवड्यात कप्तान धापा टाकत आला. त्याने पुतण्यामार्फत उरुग्वेतल्या त्या संगणकवाल्याला गाठलं होतं. हातात कागदाचा चिटोरा, त्यावर पासवर्ड.

"मिळाला! पाच मिनिटांचं काम, पोरी! आत्ता कप्पा काढतो, या हाताने. परत त्यावरून एक शब्द कुणी बोलायला नको!"

खोली गप्प झाली. नेरेइदाबाईंचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. त्या शांततेत आमेलीने हळूच तोंड मिटलं.

दायामीने चमच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. तिने कप्तानच्या हातून चिटोरा घेतला, चार घड्या घालून अंड्यांच्या ट्रेखाली सारला.

"पण काढायचा होता ना कप्पा?" कप्तान चाचरत म्हणाला. "दहा दिवस तू त्यासाठी..."

"कप्तान, असं पुटपुटू नका," दायामी म्हणाली. "जरा मोठ्याने भांडा. अजून चार चमचे राहिलेत."